बीएलएम सॉफ्टवेअर : ओढ्यातल्या धातूंच्या मिश्रणाचा हिशेब कितपत जमतो?

धातूंच्या मिश्रणाचा पाण्यातल्या जिवांवर काय परिणाम होईल, याचा अंदाज देणारं फुकटातलं काही आहे का, असं प्लेटिंगवाले, म्हणजे एका धातूवर दुसऱ्याचा मुलामा चढवणारे, मला विचारतात, पर्यावरणशास्त्राची एमएस्सीची मुलंही विचारतात. आहे. बायोटिक लिगँड मॉडेल, बोलताना सगळे बीएलएम म्हणतात. विंडवर्ड एन्व्हायर्न्मेंटल या अमेरिकेतल्या सल्लागार कंपनीनं त्याचं विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध करून दिलं आहे. मी ते कामात नेहमी वापरते. पाण्यात एकच धातू असेल तर याच्या तोडीचं फुकट साधन माझ्या पाहण्यात नाही. मिश्रणासाठी ते अर्ध्या वाटेपर्यंत नेतं, पुढचा हिशेब आपण कागदावर करायचा. तरीही औद्योगिक वसाहतीतलं पाणी तपासणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत ते असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मी रसायनशास्त्राची. पुण्याच्या आसपासच्या जॉब वर्क करणाऱ्या छोट्या प्लेटिंग युनिटना ईटीपीबद्दल, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेबद्दल, सल्ला देते. झिंक प्लेटिंग, निकेल-क्रोम, पितळी भागांवरचं कॉपर-निकेल, असं सगळं एकाच शेडमध्ये चालतं आणि सगळ्या टाक्यांचं रिन्सचं, म्हणजे भाग धुतलेलं, पाणी शेवटी एकाच खड्ड्यात येतं. म्हणजे माझ्यासमोर मिश्रणच असतं. एकटा धातू मला पुस्तकातच भेटला.

एका युनिटच्या मालकांचा पावसाळ्याच्या तोंडावर फोन आला होता. "मॅडम, रिपोर्ट माझ्या हातात आहे. सगळे धातू लिमिटच्या आत आहेत. मग मागच्या ओढ्यात मासे उलटे कसे झाले? लोक माझ्या गेटवर आलेत."

मी म्हटलं, "दादा, रिपोर्टनं एकेका धातूला वेगवेगळं मोजलंय. माशाला ते सगळे एकदम भेटलेत."

त्या ओढ्यात त्यांच्या एकट्याचं पाणी येत नव्हतं, त्यामुळे दोष कोणाचा हे मी सांगू शकत नव्हते आणि सांगितलंही नाही. पण त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधली सर्वसाधारण मानकं पाहा. नदी-ओढ्यात सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे कॉपर 3 मिलिग्रॅम, झिंक 5, निकेल 3, कॅडमियम 2, एकूण क्रोमियम 2 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. एखाद्या युनिटच्या संमतीपत्रात याहून कडक आकडे असू शकतात, पण पद्धत बहुतांशी तीच: प्रत्येक धातूसमोर त्याचा स्वतंत्र आकडा. सगळे धातू एकाच वेळी आपापल्या मर्यादेला टेकले तर काय, याचं उत्तर त्या तक्त्यात नाही. आता दुसरी बाजू. पाणपिसू, म्हणजे डाफ्निया, सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसलेल्या स्वच्छ पाण्यात ठेवली, तर लिटरमागे काही दशक मायक्रोग्रॅम कॉपरमध्ये 48 तासांत निम्म्या पिसवा हलायच्या थांबतात. 3 मिलिग्रॅम म्हणजे 3000 मायक्रोग्रॅम. ओढ्यात पुढे पाणी मिसळेल या भरवशावर हा फरक सोडलेला आहे, आणि आमच्याकडच्या ओढ्यांत मार्च ते जून मिसळायला पाणीच नसतं.

त्याच मानकांमध्ये एक ओळ अशीही आहे जी मिश्रणाला मिश्रण म्हणून पाहते. न पातळ केलेल्या सांडपाण्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. ही जैवचाचणी फार मोलाची आहे. पण ती झालं ते सांगते, का झालं ते सांगत नाही. मासे मेले तर निकेल काढायला पैसे घालायचे की कॉपर काढायला? तिथं बीएलएम कामाला येतं, आणि मी ते शिकून घेतलं ते याच कारणासाठी.

सॉफ्टवेअरच्या आत काय चाललं आहे ते थोडं समजून घ्यायला हवं, नाहीतर बाहेर आलेल्या आकड्याचं करायचं काय हे कळत नाही. गोड्या पाण्यात सोडियम आणि कॅल्शियम फार थोडं असतं, म्हणून मासा ते कल्ल्यांतून सतत आत ओढून घेत असतो. पाणपिसूत हे काम तिच्या पायांवरच्या पातळ पिशव्या करतात. कॉपरचा मोकळा आयन या जागांवर जाऊन बसला की सोडियमची आवक मंदावते, शरीरातलं सोडियम मात्र पाझरत राहतं, आणि त्यातच मासा मरतो. चांदीचंही असंच. कॅडमियम आणि झिंक कॅल्शियमच्या वाटेत बसतात. मॉडेलचं मूळ गृहीतक एवढंच आहे: निम्मे जीव मरायला कल्ल्यावर जितका धातू बसावा लागतो, तो आकडा पाणी बदललं तरी बदलत नाही. बदलतं ते हे, की तेवढा धातू तिथे बसण्यासाठी पाण्यात एकूण किती असावा लागतो. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम भरपूर असलं तर एसटीत एका सीटसाठी चार जण धावावेत तशी त्या जागांसाठी चढाओढ लागते आणि धातूला जागा कमी मिळते. पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेली ह्युमिक द्रव्यं असली तर ती कॉपरला वाटेतच धरून ठेवतात. पीएच उतरला तर मोकळा आयन वाढतो, पण हायड्रोजन आयनांची स्पर्धाही वाढते.

ही मांडणी एका रात्रीत झालेली नाही. पॅगेनकॉफ यांनी 1983 मध्ये कल्ल्यावरच्या स्पर्धेची कल्पना मांडली. पुढे प्लेल आणि सहकाऱ्यांनी माशांच्या कल्ल्यांवर बसलेला धातू प्रत्यक्ष मोजला. 2001 मध्ये डी टोरो, सँटोर, पाक्विन वगैरे मंडळींनी आज वापरतो ते मॉडेल उभं केलं. ह्युमिक द्रव्यांचं रसायन त्यांनी इंग्लंडच्या विंडरमिअरमध्ये तयार झालेल्या व्हॅम या मॉडेलमधून घेतलं. 2007 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं गोड्या पाण्यातल्या कॉपरचे निकष याच मॉडेलवर बेतले. त्याआधी तिथे निव्वळ हार्डनेसवरून, म्हणजे पाण्याच्या जडपणावरून, सूत्र लावत असत. युरोपातही 2013 मध्ये निकेल आणि शिशाचे वार्षिक सरासरी निकष, लिटरमागे अनुक्रमे 4 आणि 1.2 मायक्रोग्रॅम, एकूण धातूवर नव्हे तर जिवाला लागू पडणाऱ्या भागावर ठरवले. आपल्या मानकांत हा विचार अजून आलेला नाही. तो यायला हवा.

आता प्रत्यक्ष वापर. पडद्यावर एक्सेलसारखा तक्ता दिसतो, एका ओळीत एक नमुना. धातू निवडायचा, जीव निवडायचा आणि रकाने भरायचे: तापमान, पीएच, विरघळलेला सेंद्रिय कार्बन म्हणजे डीओसी, त्यातला ह्युमिक आम्लाचा टक्का, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, सल्फेट, क्लोराइड, अल्कलिनिटी. दोन प्रकारे चालवता येतं. एका प्रकारात तुम्ही धातूचं मोजलेलं प्रमाण देता आणि तो कुठल्या कुठल्या रूपात विभागला गेला आहे ते कळतं. दुसऱ्यात या पाण्यात निम्मे जीव मरायला किती धातू लागेल, तो आकडा मिळतो. उत्तर काही क्षणांत येतं. दिसायला जुन्या वळणाचं आहे, पण मला त्याची अडचण वाटत नाही. जे काम आहे ते समोर दिसतं.

मिश्रणाचा हिशेब मी असा करते. त्याच पाण्यासाठी प्रत्येक धातू वेगवेगळा चालवून त्याचा ईसी50, म्हणजे निम्म्या जिवांना बाधणारं प्रमाण, काढते. मोजलेलं प्रमाण भागिले तो ईसी50, हे झालं त्या धातूचं विषएकक. मग सगळ्यांची बेरीज. समजावण्यापुरते गोल आकडे घेऊ. ओढ्यात कॉपर 20 मायक्रोग्रॅम आणि त्या पाण्यातला ईसी50 50, म्हणजे 0.4. झिंक 300 आणि ईसी50 1000, म्हणजे 0.3. निकेल 1000 आणि ईसी50 2500, म्हणजे 0.4. एकही धातू एकटा निम्म्या मर्यादेलाही पोचलेला नाही. बेरीज 1.1. म्हणजे निम्म्याहून अधिक पिसवा गेल्या. दादांना मी हाच कागद दाखवला होता, आणि त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे मी निकेल अर्धं केलं तर बेरीज 0.9 होते?" अगदी बरोबर. फक्त 0.9 म्हणजे सुरक्षित असं नाही हे त्यांना सांगावं लागलं. एक हा निम्मे जीव मरण्याचा आकडा आहे, त्याच्या जवळपास राहणंही वाईटच. अमेरिकी निकष ठरवतानासुद्धा तीव्र विषारीपणाचा अंतिम आकडा निम्मा करून मगच मर्यादा लिहितात.

ही बेरजेची पद्धत म्हणजे लोव यांनी 1926 मध्ये मांडलेली संहतींची बेरीज. दुसरी पद्धत ब्लिस यांची, 1939 ची. त्यात प्रत्येक विष आपलं काम स्वतंत्रपणे करतं असं धरतात. एकानं 30 टक्के मरतात, दुसऱ्यानं 20 टक्के, तर दोघांत मिळून 50 नव्हे, 44 टक्के, कारण वाचलेल्या 70 टक्क्यांतलेच 20 टक्के दुसऱ्याच्या वाट्याला येतात. कॉपर सोडियमच्या वाटेवर आणि कॅडमियम कॅल्शियमच्या वाटेवर बसत असेल तर ब्लिस यांची पद्धत तर्काला जास्त धरून आहे असं वाटेल. पण मी दोन्ही हिशेब करते आणि निर्णय बेरजेवर घेते. ओढ्यासाठी काळजीच्या बाजूनं चुकलेलं परवडतं, आणि एकेका धातूचा थोडा थोडा अंश मिळून होणारं नुकसान बेरजेतच दिसतं. ब्लिस यांच्या सूत्रात दहा धातू प्रत्येकी "शून्य परिणाम" पातळीला असले तर उत्तर शून्यच येतं.

इथे सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी मर्यादा येते. मी वापरते त्या स्वरूपात ते एका वेळी एकाच धातूचा विषारीपणा काढतं. मिश्रणात मात्र धातू एकमेकांना तीन ठिकाणी गाठतात. पहिलं ठिकाण पाणी. डीओसीवरच्या जागा मर्यादित असतात. त्यावर कॉपर आणि शिसं फार घट्ट बसतात, झिंक आणि कॅडमियम सैल. ओढ्यात कॉपर वाढलं की ते कॅडमियमला तिथून हुसकावतं आणि मोकळं कॅडमियम वाढतं, वरून एक थेंबही कॅडमियम न टाकता. एकेक धातू वेगळा चालवला की हा परिणाम हिशेबातून निसटतो आणि प्रत्यक्ष नुकसान बेरजेपेक्षा जास्त निघतं. दुसरं ठिकाण कल्ला. झिंक आणि कॅडमियम दोघंही कॅल्शियमच्याच वाटेनं जातात, त्यामुळे झिंक असताना कॅडमियमला जागा कमी मिळते. या जोडीत अनेक प्रयोगांत बेरजेपेक्षा कमी परिणाम दिसला आहे तो यामुळेच. तिसरं ठिकाण शरीराच्या आत, जिथे धातूंना बांधून ठेवणारी प्रथिनं असतात. तिथपर्यंत हे मॉडेल जात नाही.

मिश्रणासाठी बीएलएमची सुधारित रूपं संशोधकांनी केली आहेत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेटल मिक्श्चर मॉडेलिंग इव्हॅल्युएशन प्रकल्पात चार वेगवेगळी मॉडेलं एकाच माहितीवर शेजारी शेजारी ताडून पाहिली गेली. त्यातलं एक टिपिंग आणि लॉफ्ट्स यांचं व्हॅम-एफटॉक्स. त्यांची युक्ती मला फार आवडते. प्रत्येक जिवाचा कल्ला वेगळा मोजत बसण्याऐवजी ते ह्युमिक आम्लालाच जिवाच्या जागी उभं करतात. त्यावर प्रत्येक धातू किती बसतो हे व्हॅम एकाच वेळी सगळ्या धातूंसाठी काढतं. मग प्रत्येकाला त्याच्या विषारीपणाचा गुणक लावून बेरीज करतात. हायड्रोजनचा गुणक सर्वांत कमी, मग ॲल्युमिनियम, मग कॉपर-झिंक-शिशाचा गट, आणि कॅडमियम सर्वांत वर. मिश्रणासाठी विचार म्हणून हे बीएलएमपेक्षा सरळ आहे. पण व्हॅम विकत घ्यावं लागतं, आणि छोट्या प्रयोगशाळेला तो खर्च पटवून देणं कठीण जातं.

मधला मार्ग म्हणून मी व्हिज्युअल मिंटेक वापरते. यॉन पेटर गुस्ताफसन यांनी स्वीडनच्या केटीएच विद्यापीठात असताना ते केलं आणि तेही मोफत आहे. त्यात सगळे धातू एकत्र टाकता येतात आणि डीओसीवरची हुसकाहुसकी दिसते. विषारीपणा ते सांगत नाही. म्हणून आधी मिंटेकमध्ये मिश्रण चालवून प्रत्येक धातूचा मोकळा आयन किती वाढतो ते पाहायचं, आणि तो फरक मोठा निघाला तर बीएलएमच्या बेरजेला तेवढ्या सावधगिरीनं वाचायचं. झटपट चाळणीसाठी बायो-मेट हे युरोपी साधन आहे. पीएच, कॅल्शियम आणि डीओसी एवढ्यावर कॉपर, निकेल, झिंक, शिशाचं उत्तर देतं. विद्यार्थ्यांनी सुरुवात तिथून करावी.

नमुना घेण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण सॉफ्टवेअर जितकं चांगलं आहे तितकं त्याला दिलेलं पाणी चांगलं असेलच असं नाही. पीएच ओढ्यावरच मोजा. बाटलीतून घरी येईपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. धातूसाठीचा नमुना 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून जागेवरच गाळा आणि गाळल्यावरच आम्ल टाका. आधी आम्ल टाकलं तर गाळाला चिकटलेला धातूही विरघळून येतो. डीओसीसाठी काचेची बाटली घ्या आणि फिल्टर आधी धुऊन घ्या, कारण काही फिल्टरमधूनच कार्बन सुटतो. हार्डनेसचा एकच आकडा पुरत नाही. कॅल्शियम हार्डनेस आणि मॅग्नेशियम हार्डनेस वेगवेगळी मागा. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत दिलेली असतात, म्हणून पहिलीला 0.4 नं आणि दुसरीला 0.243 नं गुणा, मग सॉफ्टवेअरला हवे ते आकडे मिळतात. शेवटी धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का पाहा. जुळली नाही तर रिपोर्ट परत पाठवा.

सगळ्यात जास्त अडतं ते डीओसीवर. आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये सीओडी असतो, बीओडी असतो, डीओसी क्वचितच. एका प्रयोगशाळेनं मला न गाळलेल्या पाण्याचा टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, काढून त्यावर डीओसी असं लिहून दिलं होतं, आणि दोन्ही एकच असं फोनवर सांगितलं. एकच नाहीत. न गाळलेल्या पाण्यातले गाळाचे कण, शेवाळ, सगळं त्यात मोजलं जातं. कॉपरच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतणारा आहे. डीओसी जास्त भरला की मॉडेल सांगतं कॉपर बांधलेलं आहे, काळजी नको. एकूण कॉपर तेवढंच ठेवून निव्वळ डीओसी बदललं तर ईसी50 कित्येक पटींनी सरकतो, हे तक्त्यात स्वतः दोन ओळी भरून कोणालाही पाहता येईल. निकेल आणि झिंक डीओसीला एवढे दाद देत नाहीत, तिथे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीएच जास्त बोलतात.

डीओसीबद्दल आणखी एक. मॉडेलला वाटतं की सगळा डीओसी जंगलातून, पाणथळीतून आलेला आहे. शहराजवळच्या नाल्यात तो मैलापाण्यातून, तेलातून, साबणातून येतो आणि त्याची धातू धरण्याची ताकद वेगळी असते. ह्युमिक आम्लाचा टक्का माहीत नसेल तर 10 धरायचा अशी शिफारस आहे. नाल्याच्या पाण्यासाठी मी डीओसी मोजलेला, आणि पुन्हा त्याच्या निम्मा, असे दोन्ही आकडे टाकून उत्तरांचा पट्टा काढते. मालकांना किंवा अधिकाऱ्यांना एकच आकडा देण्यापेक्षा पट्टा देणं प्रामाणिक आहे.

मॉडेल कुठल्या पाण्यांवर बेतलं आहे त्याच्या सीमा माहितीपुस्तिकेत दिल्या आहेत, त्या नीट वाचा. पीएच 4.9 ते 9.2, सोडियम साधारण 237 मिलिग्रॅमपर्यंत, क्लोराइड साधारण 280 पर्यंत. ईटीपीच्या आउटलेटला कॉस्टिक आणि आम्लाच्या मारामारीनंतर सोडियम, क्लोराइड, सल्फेट याच्या कितीतरी वर गेलेलं असतं. म्हणून आउटलेटचं पाणी थेट यात टाकू नका. ओढ्यात मिसळल्यानंतरचं पाणी घ्या. दख्खनच्या काळ्या दगडातल्या जड पाण्याला मॉडेल चांगलं पेलतं. कोकणात जांभ्यावरून येणारं पाणी मऊ, कॅल्शियम नावापुरतं; तिथे तेवढाच धातू कितीतरी जास्त बाधतो, आणि लोटे किंवा महाडच्या बाजूला काम करणाऱ्यांनी घाटावरचे ईसी50 उचलून वापरू नयेत. ऋतूही मोजायला हवेत. मे महिन्यातलं ओढ्याचं पाणी जड असतं, जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर ते एकदम मऊ होतं, आणि त्याच सरीनं युनिटच्या आवारातली धूळ, सांडलेलं, वाळलेलं सगळं ओढ्यात येतं. मासे उलटे होण्याच्या तक्रारी त्या आठवड्यात का येतात, याचं एक उत्तर मला या तक्त्यात कॅल्शियमचा रकाना बदलून पाहताना मिळालं.

प्लेटिंगवाल्यांसाठी दोन गोष्टी ठळकपणे सांगायला हव्यात. षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे आपण हेक्सा क्रोम म्हणतो ते, या मॉडेलमध्ये बसत नाही. ते पाण्यात क्रोमेट म्हणून ऋण भाराचं असतं, धन आयनांसारखं कल्ल्यावर स्पर्धा करत नाही. आर्सेनिकचंही तेच. त्यांचा हिशेब वेगळा ठेवा आणि बेरजेत प्रयोगातून मिळालेला ईसी50 वापरा. दुसरं, बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतल्या द्रावणात, सायनाइड किंवा ईडीटीएसारखं काही असेल तर ते धातूला घट्ट धरून ठेवतं, ईटीपीत गाळ होऊन बसू देत नाही, आणि मॉडेलला त्याची गंधवार्ता नसते. अशा पाण्यासाठी जैवचाचणीला पर्याय नाही.

एवढं असूनही मी ते का वापरते, तर पैसा कुठे घालायचा ते कळतं म्हणून. त्या युनिटच्या ईटीपीत सगळं पाणी एकत्र करून पीएच 9 च्या आतबाहेर ठेवत होते. त्या पीएचला झिंक गाळ होऊन चांगलं खाली बसतं, त्रिसंयुजी क्रोमियम तर त्याआधीच बसतं, निकेलला मात्र 10 च्या वर जावं लागतं, आणि तिथे नेलं तर झिंक पुन्हा विरघळायला लागतं. एका टाकीत तिघांना खूश करता येत नाही. विषएककांच्या बेरजेत निकेल आणि कॉपरचा वाटा सर्वांत मोठा आहे हे दिसल्यावर दादांनी अख्खा ईटीपी बदलण्याचा विचार सोडला आणि फक्त निकेलच्या रिन्सची लाइन वेगळी केली. ईटीपी सांभाळणारे मामा पहिल्यांदा कुरकुरले, कारण त्यांच्यामागे आणखी एक टाकी लागली. पण स्लज, म्हणजे खाली बसलेला गाळ, वेगळा झाल्यावर निकेलचा स्लज पुनर्वापरासाठी देता येईल हे त्यांनीच सुचवलं. ओढ्याच्या नमुन्यात बेरीज खाली आली. बाकीचे सोडणारे आहेतच, त्यामुळे प्रश्न संपला असं मी म्हणणार नाही.

राहिली ती माझी सर्वांत मोठी मागणी. यादीत जीव आहेत ते फॅटहेड मिनो, रेनबो ट्राउट, डाफ्निया मॅग्ना, डाफ्निया प्युलेक्स, सेरिओडाफ्निया. आमच्या ओढ्यात ट्राउट नाही. रोहू, कटला, मुऱ्या, आपल्याकडच्या पाणपिसवा, यांच्यासाठी कल्ल्यावरचा तो निर्णायक आकडा काढून मॉडेलमध्ये बसवता येतो, त्यासाठी नवं शास्त्र लागत नाही. लागतात त्या नीट केलेल्या चाचण्या, ज्यांत धातूबरोबर पीएच, डीओसी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, अल्कलिनिटी हे सगळं मोजून लिहिलेलं असेल. आपल्या मत्स्य महाविद्यालयांत आणि प्राणिशास्त्र विभागांत रोहूच्या बोटुकल्यांवर कॉपर-झिंकचे प्रयोग होत असतात. त्यांत बहुतेक वेळा हार्डनेस आणि पीएच असतो, डीओसी नसतो, आणि तेवढ्यामुळे ती सगळी मेहनत मॉडेलच्या उपयोगाची राहत नाही. प्रबंध करणाऱ्या मुलामुलींनो, डीओसीचा खर्च प्रस्तावात आधीच धरा. कोणाकडे रोहूवरच्या मिश्रणाच्या चाचण्या या सगळ्या रकान्यांसह असतील तर मला कळवा, तक्त्यात बसवून पाहायला मी बसते.